वारा लागू नये म्हणून

“आई, परत सुरू झालं गं.” सुलेखा बाजेवर उठून बसली आणि तिनं छातीवर तळवा दाबून धरला.

गोजरबाईच्या हातातला बाळाचा लंगोट तिथंच गळून पडला. “कुठं दुखतंय? दूध तटलंय का?”

“नाय गं. हितं मधी. कुणी पाटा ठेवल्यावानी. डोकं पण ठणकतंय.”

गोजरबाईनं आधी खिडकी पाहिली. बंद होती. दाराखालच्या फटीत जुन्या पातळाची घडी कोंबलेली होती, तीही जागेवर होती. मग तिनं बाजेखालच्या शेगडीत आणखी कोळसे घातले, वर ओव्याची चिमूट सोडली आणि लेकीच्या कानाला फडकं घट्ट आवळलं. बाळंतिणीला वारा बाधतो. या खोलीत तरी वाऱ्याला शिरायला तिनं सुईच्या टोकाएवढी जागा ठेवली नव्हती.

ठेवणार कशी? थोरली करुणा तिनं अशीच गमावली होती. देवगाव रंगारीला, गावच्या जुन्या घरात, ऐन थंडीत, पहिल्याच बाळंतपणात. तिच्याही बाजेखाली शेगडी असायची, तिच्याही छातीत असंच दुखायचं. पण पोरगी मुलखाची हट्टी. आईची पाठ वळली की दार उघडून उंबऱ्यावर जाऊन बसायची. गोजरबाई ओरडून ओरडून थकली. त्या शेवटच्या रात्री तिनं बाळाला आपल्याजवळ बाहेरच्या खोलीत घेतलं, बाळंतिणीला तेवढीच झोप मिळंल म्हणून. सकाळी कडी काढून दार ढकललं, तर ते उघडेना. पलीकडून करुणा दाराला टेकून पडली होती. गार.

परत वारा खायला उठली असंल, असं गाव म्हणालं. गोजरबाईनंही तेच धरून ठेवलं. इतकी वर्षं झाली, तरी ती त्या मेलेल्या लेकीशी मनातल्या मनात भांडायची. कशाला गं बाई सारखी दाराशी जायचीस? आईचं ऐकलं असतंस तर आज डोळ्यांसमोर असतीस.

आता धाकटीचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. काय वाट्टेल ते झालं तरी.

खरं तर सुलेखाचे दवाखाने काही कमी झाले नव्हते. छातीचा फोटो झाला, हृदयाची पट्टी निघाली, रक्ताची गाठ झालीय का तेही पाहून झालं. सगळं ठीक. गंमत अशी की दवाखान्यात ठेवलं की पोरगी खडखडीत व्हायची आणि घरी आणली की पुन्हा छाती धरायची. शेजारणी तोंडावर पदर घेऊन म्हणायला लागल्या, “सासरी जायचं नसंल, दुसरं काय!” बाप सांडू चेष्टेनं म्हणायचा, “आईच्या डिंकाच्या लाडवांचा गॅस हाय तो.” गोजरबाई त्याच्याकडं असं बघायची की तो मुकाट उठून अंगणातल्या आपल्या बाजेवर जाऊन पडायचा.

आज मात्र तोही घाबरला. सुलेखाला दोन पावलं चालवेना. त्यानं रिक्षा काढली. मुकुंदवाडीहून क्रांती चौकापर्यंत येईतो सुलेखानं मान वर केली. “आई, जरा बरं वाटतंय बघ.”

“गप. तोंड झाक आधी,” गोजरबाई म्हणाली आणि तिनं आपला पदर मायलेकरांवर ओढून घेतला.

या खेपेला दवाखान्यात वैदेही नावाची नवी डॉक्टरीण होती. तिनं जुने सगळे कागद पाहून बाजूला ठेवले.

“मावशी, घरात आणखी कुणाचं डोकं दुखतं?”

“माझं दुखतं की. जागरणानं.”

“आणि काकांचं?”

“मला काय धाड भरलीय?” सांडू म्हणाला. “बाळंतिणीच्या खोलीत माझं काय काम? मी आपला अंगणात असतो.”

“बाळ कसं आहे?”

“लई गुणाचं,” गोजरबाईचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. “रडणं नाय का काय नाय. निस्तं झोपून ऱ्हातं. दूध प्यायला पण उठवावं लागतं.”

डॉक्टरीण एकदम उभी राहिली. “खोलीत शेगडी ठेवता?”

“व्हय. इझूच देत नाय मी.”

“आणि दार-खिडकी?”

“समदं बंद. फट सुदीक नाय ठेवली,” गोजरबाई अभिमानानं म्हणाली.

डॉक्टरीण नर्सला हाक मारून काहीतरी भराभर बोलली. बघता बघता सुलेखाच्या आणि बाळाच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क लागला. मग तिनं गोजरबाईला बाकावर बसवलं.

“मावशी, बंद खोलीत कोळसा जळला की विषारी वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मग छाती भरून येते. माणूस मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटतं.”

“आन् नाय गेलं तर?”

“तर झोप लागते. त्या झोपेतून उठत नाही.” डॉक्टरणीनं तिचा हात दाबला. “पण तुम्ही वेळेवर आलात. दोघंही बरी होतील.”

सांडूनं दोन्ही हात जोडले. तसाच रिक्षानं घरी जाऊन तो शेगडी उकिरड्यावर फेकून आला, खोलीची दारं-खिडक्या सताड उघडून आला. परत आला तेव्हा सुलेखा पोराला पाजायला घेत होती, आणि पोरगं चांगलं टाहो फोडून रडत होतं. त्या रडण्यानं सांडूच्या जिवात जीव आला.

गोजरबाई मात्र बाहेर जिन्याजवळच्या उघड्या खिडकीखाली बसून होती. डोळ्यांना धार लागलेली.

“अगं येडे, वाचली ना दोघं! आता कशापायी रडतीस?”

ती म्हणाली, “आपली करुणा दाराशी पडली व्हती.”

“व्हय. वारा खायला उठली व्हती. किती दिस तेच उगाळायचं?”

“तिला उघडताच आलं नाय वो,” गोजरबाई म्हणाली. “त्या राती कडी मी भायेरून लावली व्हती.”