विक्कीच्या शंका

“पण समजा एखादा म्हणाला, आधीच ज्या कार्बनकडे हायड्रोजन जास्त, त्यालाच आणखी एक? हा कसला न्याय?”

आम्रपालीने खडू खाली ठेवला. ही अभिक्रिया तिने विक्कीला कालच शिकवली होती. काल त्याला ती समजलीही होती.

“एखादा कशाला म्हणेल? तूच म्हणतोयस.”

“बरं, मीच म्हणतोय. सांग ना राव.”

“हायड्रोजन कुठे बसला ते बघू नकोस. भार कुणावर उरला ते बघ. ज्या कार्बनला आधार द्यायला शेजारी जास्त, त्याच्यावरच भार टिकतो. म्हणून हायड्रोजन दुसऱ्याकडे जातो.”

“हां, हे बरंय,” विक्की पुटपुटला. लिहून मात्र काहीच घेतलं नाही.

देहूरोडच्या विहाराचं सभागृह दुपारनंतर रिकामं असे. बालवर्गाचा फळा त्यांना पुरत असे. विक्की शेजारच्या गल्लीतला. चाकणच्या एका कंपनीत पहिली पाळी करायचा, कंपनीच्या बसने यायचा आणि तोंडावर पाणी मारून थेट फळ्यासमोर बसायचा. त्याचं कॉलेज वेगळं होतं. ऑरगॅनिक राहिलंय, फेरपरीक्षा आहे, असं त्याने सांगितलं होतं. आम्रपालीचं ऑरगॅनिक पक्कं, पण जनरल केमिस्ट्रीतली गणितं दिसली की तिच्या हाताला घाम सुटे. विक्की मोल आणि नॉर्मॅलिटी बोलता बोलता सोडवी. त्याने तिला गणितं शिकवायची, तिने त्याला ऑरगॅनिक, असं ठरलं होतं.

तिची एक अट होती. “तू एकटाच. दुसरं कुणी आणलंस तर मी उठून जाईन.”

अटीला कारण होतं. समोर चार माणसं बसली की तिची वाचा बसत असे. कॉलेजच्या सेमिनारमध्ये ती दुसऱ्या वाक्यालाच गप्प होऊन खाली बसली होती. आणि आता चिंचवड स्टेशनजवळ क्लास चालवणाऱ्या शैला मॅडम तिच्या मागे लागल्या होत्या. “ऑरगॅनिकची बॅच तू घे. तुझ्यासारखं सोपं कुणी सांगत नाही.” आम्रपालीने निकालापर्यंत मुदत मागून घेतली होती. मनात तिने ठरवलं होतं, विक्की सुटला तर बॅच घ्यायची. एकटा विक्की आपल्याच्याने पास होत नसेल, तर बॅचपुढे कोणत्या तोंडाने उभं राहायचं?

विक्कीची लक्षणं काही ठीक नव्हती. आज समजलेल्या गोष्टीवर तो उद्या नवी शंका काढी. कधी शहाण्यासारखं विचारी, कधी पहिलीतल्या पोरासारखं. परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा त्याने विचारलं, “फिनॉलला ओएच आहे, मग त्याला अल्कोहोल का म्हणायचं नाही?”

“विक्की, तू नापास होणार आहेस. आणि माझ्यामुळे.”

“होत नाही गं. तू सांग. आणखी सोपं कर, समोर फळा नसला तरी कळेल असं.”

तिने सांगितलं, पण त्या दिवशी तिचं मनच उडालं होतं.

निकाल लागला. आम्रपालीला जनरलमध्ये कधी नव्हे इतके गुण पडले. तिने विक्कीला फोन लावला. “तुझं काय झालं?”

“तळवडे चौकात ये. बस तिथे थांबवतो.”

फोनवर सांगत नाही म्हणजे गेलाच, असं तिने धरलं. शैला मॅडमना नाही म्हणायचं वाक्य तिने रिक्षात दोनदा घोकलं.

बस थांबली. आधी विक्की उतरला. मागोमाग राखाडी गणवेशातली पोरं उतरू लागली. तिने त्यांतल्या एकालाही कधी पाहिलं नव्हतं. पहिल्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

“मॅडम, मी समाधान. माझं ऑरगॅनिक सुटलं.”

“माझंपण, मॅडम.”

“मॅडम, तिसऱ्या खेपेला सुटलं!”

आम्रपालीने विक्कीकडे पाहिलं. “हे कोण? आणि तुझा निकाल?”

“माझं ऑरगॅनिक मागच्या वर्षीच सुटलंय. तेही नुसतं पाठ करून, समजलं मात्र तुझ्याकडे.” विक्कीने कान पकडले. “राहिलं होतं ते ह्यांचं. तू शिकवलेलं मी दुसऱ्या दिवशी सकाळी जाताना बसमध्ये ह्यांना सांगायचो. येताना हे मला शंका विचारून भंडावून सोडायचे. त्या घेऊन मी तुझ्याकडे.”

“म्हणजे माझ्याशी खोटं बोललास.”

“बोललो. एवढी फौज बघून तू शिकवलं असतंस?”

तिला रागवायचं होतं, पण समाधानने तिच्या हातात पेढा कोंबला होता.

सगळ्यांत मागे एकजण उगाच बूट झटकत उभा होता. “मॅडम, माझं नाही सुटलं. ते बेन्झीन डोक्यात शिरतच नाही.”

“कुठे अडतं?”

“दुहेरी बंध कधी इथे, कधी तिथे. नक्की कुठे?”

“एका जागी नाहीतच ते. हे बघ, सहाजण गोल बसलेत आणि मध्ये एकच परात आहे. हा घास तुझा, तो माझा, असं काही नाही. ते इलेक्ट्रॉन म्हणजे त्या परातीतलं जेवण. सहाही कार्बनचं मिळून.”

“मॅडम, मागं काय बी ऐकू येत न्हाई!” बसच्या शेवटच्या खिडकीतून कुणीतरी ओरडलं.

सोपानराव ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. आम्रपालीने परात पुन्हा मांडली आणि पहिल्यापासून, मोठ्याने सांगायला सुरुवात केली.