कोरी चौकट

पक्षाचा उमेदवार ठरवणारी न्यू हॅम्पशरची प्राथमिक निवडणूक तोंडावर आली होती. राष्ट्राध्यक्षपदासाठी त्या वर्षी एक बाई उभी होती, आणि आमच्या साप्ताहिकातून तिलाच पाठिंबा द्यायचं बाबांनी ठरवलं. मी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत असताना हार्डवेअरवाले लेव्हेक बर्फ झटकत आत आले आणि बाबांवर डाफरले. “हॅरल्ड, चूल सोडून बायका आता देश चालवणार? हे छापलंस तर माझी जाहिरात बंद!” त्या जाहिरातीवरच आमचं साप्ताहिक तगून होतं. बाबांनी पाठिंबा छापला आणि जाहिरातीची चौकट कोरी सोडली. दुसऱ्या दिवशी लेव्हेकबाईंनी येऊन त्या कोऱ्या चौकटीवर बोट ठेवलं. “इथे फावड्यांची जाहिरात घाल गं पोरी. खाली नाव माझं.” “आणि लेव्हेक?” बाबांनी विचारलं. “ह्यांना चुलीपाशी बसवून आलेय. बघू, जमतं का!” ती उमेदवार हरली. चौकटीतलं ओडेट लेव्हेक हे नाव मात्र मी वर्षानुवर्षं जुळवलं.