सावलीची सवय

मुलाने दोन कुंड्या आणून आईच्या खाटेपाशी ठेवल्या आणि विचारलं, "मागच्या खोलीत यातलं कुठलं ठेवू?"

एका कुंडीत कॅलेडियम होतं, दुसरीत ॲग्लोनिमा. मागची खोली म्हणजे नर्सरीची खताची पोती आणि रिकाम्या कुंड्या टाकायची जागा. ती आता झाडून, रंग देऊन तयार होती. दुपारी आईची खाट तिकडे जाणार होती आणि पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीपाशी, दुकान मांडलं जाणार होतं. मागे गार असतं, गोंगाट नाही, तुला निवांत पडता येईल, असं मुलगा बरेच दिवस घोकत होता. त्या खोलीला खिडकी नाही, हे मात्र त्याने एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. काढायची गरजही नव्हती. खोली आईनेच बांधून घेतली होती, आणि पोत्यांना खिडकी कशाला हवी, असं तेव्हा तीच म्हणाली होती.

आईचे पाय गेले होते, पण झाडांचा विषय निघाला की ती अजूनही मालकीण होई. तिने आधी कॅलेडियम वर धरायला सांगितलं. कागदासारखं पातळ पान, गुलाबी शिरा, नुसतं बघत बसावं असं. पण नखरेल. सावलीचं झाड म्हणून विकतात खरं, पण त्याला सावली लागते ती मोठ्या झाडाखालची, उजेड गाळून देणारी. कोंदट अंधारात ते मान लांब करकरून उजेड शोधतं आणि शेवटी दांडे टाकून लोळतं. थंडीत पानं झडून कंद झोपी गेला की लोक मेलं समजून फेकूनही देतात. ॲग्लोनिमाचं तसं नाही. जाड पान, मंद वाढ, खाणं-पिणं बेताचं. चार दिवस विसरलात तरी तक्रार नाही.

"मग हेच बरं," सून म्हणाली. ती खिडकीपाशी टेप लावून काउंटर केवढा बसेल ते बघत होती.

आईने ॲग्लोनिमाचं एक पान उलटून पाहिलं. "याला सवय लावलीस का? की नर्सरीच्या हिरव्या जाळीखालून उचललं आणि आणलं थेट आत?"

मुलाला जरा रागच आला. "थेट कसं आणीन? तूच शिकवलंस ना. आधी जाळीच्या कडेला ठेवलं, मग व्हरांड्यात, मग जिन्याखाली. एकदम अंधारात नेलं तर सगळी पानं गाळतं. थोडं थोडं सरकवत नेलं, की त्याला कळतसुद्धा नाही."

बोलून झालं आणि त्याची नजर खाटेच्या पायांकडे गेली. आईचीही गेली.

पावसाळ्यापर्यंत ती खाट खिडकीला लागून होती. पावसाचे शिंतोडे येतात म्हणून ती कपाटापाशी आली. मग वारा बाधतो म्हणून भिंतीच्या आड गेली. आता ती मागे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी होती. इथून रस्ता दिसत नसे. दुपारी समोरच्या भिंतीवर थोडा उजेड पडे, तेवढाच. दर वेळचं कारण खरं होतं आणि दर वेळी आईने बरं म्हटलं होतं. मुलाने हे ठरवून केलं असेल असं नाही. हाताला लागलेलं वळण असतं. पण केलं होतं अगदी रीतसर, आणि ते जसं तिला कळलं तसं त्यालाही त्याच क्षणी कळलं. सून टेप गुंडाळत राहिली.

आई घाबरली. कुणाकडे काही मागणं तिला जन्मात जमलं नव्हतं. आता तिने मागितलं.

"खाट परत खिडकीशी ने. दुकान मागे मांड."

मुलगा तिच्या उशाशी बसला. तिचा हात हातात घेऊन त्याने समजावलं, की गिऱ्हाईक रस्त्यावरून जाता जाता बघतं, खिडकीत झाडं दिसली तरच आत शिरतं, मागच्या अंधारात कोण येणार? तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या जागी तिनेही हेच केलं असतं. रोज संध्याकाळी तुला व्हरांड्यात बसवत जाऊ, असंही तो म्हणाला. रोज उचलणार कोण, असं सुनेने हळूच विचारलं.

दुपारी नर्सरीतले दोघे गडी आले आणि त्यांनी आईसकट खाट उचलून मागे नेली. मुलाने भर दुपारी दिवा लावला. ॲग्लोनिमा कोपऱ्यात ठेवलं आणि ते थोडं भिंतीपासून पुढे ओढलं. बरं दिसतंय, असं म्हणत तो थोडा वेळ उगीच उभा राहिला.

संध्याकाळी सून औषध आणि पाण्याचा पेला घेऊन आली. आईने गोळी गिळली, वर दोन घोट घेतले आणि पेला परत केला. सगळं पाणी प्या, भरपूर प्यायला सांगितलंय डॉक्टरांनी, असं सून म्हणाली.

"नको." आई सुनेशी नाही, तिच्या मागे दारात उभ्या असलेल्या मुलाशी बोलत होती. आवाज तिचा नेहमीचाच होता, रोपं दाखवताना असायचा तसा. "सावलीत आणलं की पाणी निम्म्यावर आणायचं. नाहीतर खाली मुळं कुजत जातात, आणि वरून कुणाला पत्ता लागत नाही."

मुलाने सवयीने मान डोलावली.