हवा धरलेला पंप

सूनबाई निवेदिता संगणकावर बंगल्यांची चित्रं करते. आज पाचपर्यंत पाठवली नाहीत तर पुण्याचं गिऱ्हाईक तुटणार, आणि संगणक तापून सारखा बंद पडत होता. मेकॅनिक म्हणाला, "ग्राफिक्स कार्ड गेलं, आजी. नवं घ्या." मी म्हटलं, "एवढ्यात मढं झाकू नगंस." संगणकाच्या पेटीला कान लावला. कार्ड गार ठेवायला पाणी फिरवणारा पंप गुडगुडत होता. आमच्या मंद्रूप गावच्या विहिरीवरची मोटारही पाण्याऐवजी हवा धरली की अशीच बोलायची. "पंप वर आन् पाणी निववणारी जाळी खाली कुणी बसवली?" तो पेटीत डोकावला. "हवा वरच चढणार की. जाळी वर घे." त्यानं काढली, मी जुन्या लुगड्याचा काठ फाडून त्यानं पेटीच्या माथ्यावर बांधली. आकडे मला वाचता येतात. संगणक चालू केल्यावर पडद्यावरचं तापमान पंच्याण्णववरून साठावर उतरलं. निवेदिता पाया पडायला वाकली. "चार वाजलेत," मी म्हटलं, "पाया दिवाळीला पड."