ओरड

जालन्याच्या जिनिंग कारखान्यातली झुंबरबाई भर दुपारी मुनीमजींसमोर उभी राहिली. आदल्या दिवशी फिटर मच्छिंद्रानं तिला कापसाच्या कोठारात ओढून जबरदस्ती केली होती.

“ओरडली न्हाईस?”

“ओरडले की. मशिनी चालू होत्या.”

“म्हंजे कोणीच ऐकलं न्हाई. निजामाच्या राज्यात गवाह लागतो, बाई. जा, कामाला लाग.”

झुंबरबाई तडक इंजिनापाशी गेली आणि तिनं इंजिनच बंद केलं. गोंगाट थांबला. कापसाच्या धुळीनं पांढऱ्या झालेल्या बायांनी माना वर केल्या.

“आता ऐकू येऊन राह्यलं का समद्यायला? काल मच्छिंद्रानं माझ्यावर जबरदस्ती केली. मी ओरडल्ते!”

मागच्या मशिनीवरून साळूबाई उठली.

“मीबी ओरडल्ते.”