डावी भुवई

"परत द्या," मॅडम शेन म्हणाल्या.

डॉक्टर चारुदत्त लेलेच्या दुबईतल्या क्लिनिकमध्ये लोक सुरकुत्या घालवायला येत. घालवलेलं परत मागायला आजवर कोणी आलं नव्हतं.

"कपाळावरच्या रेषा गेल्या, चांगलं झालं. पण डावी भुवई उचलली जात नाही. ती परत द्या."

"मॅडम, ती एका बाजूने वर चढलेली होती. मी दोन्ही लेव्हल केल्या. बिलात लावलंसुद्धा नाही." चारुदत्त मूळचा पुण्याचा. फुकट दिलेली गोष्ट त्याच्या बरोबर लक्षात होती.

"त्या भुवईवर हाँगकाँगचे दोन स्टुडिओ चालायचे," मॅडम म्हणाल्या. "पडद्यावर मी कधी रडले नाही. फक्त भुवई उचलायचे. रडायचं ते थिएटर."

आता त्या ब्याऐंशीच्या होत्या. मुलाचं ड्रॅगन मार्टमध्ये झुंबरांचं दुकान होतं, त्याच्याकडे राहत. तीस वर्षांनी भूमिका चालून आली होती, एका आईची. ऑडिशन व्हिडिओ कॉलवर होती आणि कॉल कुठल्याही क्षणी येणार होता.

चारुदत्त बायकोकडे, विभावरीकडे वळला. क्लिनिक तीच सांभाळायची. पेशंटसमोर बोलायला दोघांना मराठी सोयीची पडे.

"विभा, यांना सांग, बोटॉक्सला उतारा नसतो. तीन-चार महिन्यांत आपोआप उतरेल, इन्शाल्ला."

"तूच सांग. नको तिथे हात तू फिरवलास."

त्याने सांगितलं.

"तीन-चार महिने," मॅडम म्हणाल्या. "माझ्या वयाच्या बाईला."

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. विभावरीने तो टिश्यूच्या खोक्याला टेकवून उभा केला आणि त्यांच्या शेजारी, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसली. टेबलाखाली मॅडमनी तिचं मनगट धरलं.

पडद्यावर हम्माद आला. तरुण इमिराती दिग्दर्शक, सौजन्याने ओथंबलेला. "यल्ला, मॅडम, सुरू करू या. मुलाच्या कंपनीतून फोन आलाय असं समजा." आणि त्याने कागदावरचं वाक्य वाचलं, "तुमचा मुलगा आता घरी येणार नाही."

मॅडमच्या चेहऱ्यावर काहीच झालं नाही. कपाळ गुळगुळीत. भुवया गवंड्याने पाणसळ लावून बसवल्यासारख्या.

टेबलाखाली बोटं आधी सैल पडली, ऐकलंच नसल्यासारखी. मग एकेक करून घट्ट झाली. मग नखं रुतली. उठावं आणि मुलाच्या शाळेत फोन करून अथर्व वर्गात आहे ना, एवढं विचारावं, असं विभावरीला वाटलं.

हम्मादने हातातला कागद खाली ठेवला.

"खलास," तो म्हणाला.

चारुदत्तने डोळे मिटले.

"दुसरं कोणी बघायचंच नाही. रोल तुमचा. हल्ली सगळे तोंडं वेडीवाकडी करतात. तुमचा एक स्नायू हलला नाही. हा संयम मला पूर्ण फिल्मभर हवाय. शूटिंग वर्षभर चालेल. चेहरा असाच ठेवाल ना?"

टेबलापलीकडून चारुदत्तने मॅडमना अंगठा दाखवला आणि पुढच्या इंजेक्शनच्या तारखेसाठी कॅलेंडर उघडलं.



"मॅडम?" हम्मादने पडद्याजवळ तोंड आणलं. "तुमचा व्हिडिओ अडकलाय का?"

टेबलाखाली विभावरीचं मनगट अजून सुटलेलं नव्हतं.