पाचच्या आत बेल वाजली पाहिजे

शेवंतीने दार उघडलं तर एक माणूस बेलच्या बटणावर अंगठा दाबून उभा होता. पन्नाशीचा, पांढरा बुशशर्ट, खिशाला पेनाच्या जागी टेस्टर.

"आलात एकदाचे!" ती म्हणाली. "नुसतं दाबताय काय? वाजत नाही म्हणूनच तर दुकानात निरोप ठेवला ना!"

"मी जरा लवकरच..."

"लवकर? दोनचा वायदा होता, चार वाजले! या आधी आत. चपला तिथेच काढा."

माणूस चपला काढून आत आला. शेवंतीपुढे भले भले गप होत, त्याची काय कथा!

पण आज तिचा जीव खरंच थाऱ्यावर नव्हता. पाच वाजता तिच्या लेकीला, नलिनीला, बघायला मुलाकडचे येणार होते. स्थळ शेवंतीच्या भावाने गावाहून पत्रांनी जुळवलेलं. त्या माणसांना अजून कुणी पाहिलं नव्हतं, पण मुलगा बँकेत! आणि ऐन आजच्या दिवशी बेलने मान टाकावी? लालबागच्या चाळीत बेल हवी होती कुणाला, दार दिवसभर सताड उघडं असायचं. आता बोरीवलीला सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायचं, दारावर नावाची पाटी लावायची आणि पाहुण्यांनी कडी वाजवायची? छे, काहीतरीच!

"हत्यारं कुठायत तुमची?"

"टेस्टर आहे. घरात पक्कड असेल ना?"

"कमाल आहे बाई! उद्या डॉक्टर पेशंटकडे सुई मागतील."

नलिनीने हसत हसत पक्कड आणली, स्टूल आणलं. त्याने बटण उघडून टेस्टर लावला. आतला दिवा पेटला.

"इथपर्यंत करंट आहे."

"म्हणजे बेलच गेली?" शेवंतीने विचारलं.

"आई, थांब ना जरा," नलिनी म्हणाली. "काका, बेल काढून थेट प्लगला लावून बघा ना. वाजली तर मधली वायर तुटली असणार."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "कुणी शिकवलं गं तुला?"

"बाबांनी. आमचा रेडिओ आम्ही दोघांनीच दुरुस्त केलाय."

बेल खाली उतरली, प्लगला लागली. टिंगटाँग! नलिनीने टाळीच वाजवली. शेवंतीही क्षणभर लहान मुलीसारखी हरखली.

"झकास! आता तू आत जा आणि साडी नेस. आणि पाहुण्यांपुढे अशी वायरी-बियरींची अक्कल पाजळू नकोस हां."

नलिनी गेली. तो भिंतीवरच्या लाकडी पट्टीवरून बोट फिरवत वायरीच्या मागे मागे निघाला. दाराच्या वर बोट थांबलं.

"हा खिळा कधीचा?"

"कालचाच. पाहुणे येणार म्हणून नवा पडदा लावला. मीच ठोकला."

"थेट वायरीत गेलाय. तुमची बेल तुम्हीच मारलीत, बाई."

"अगं आई गं! वाट लागली की!" शेवंतीने कपाळावर हात मारला, आणि मग तिचं तिलाच हसू फुटलं. तिने धावत जाऊन मेन स्विच बंद केला. त्याने खिळा उपटला, वायर सोलली.

"मालक कुठे कामाला?" त्याने वर बघतच विचारलं.

"गिरणीत," ती सवयीने म्हणाली.  मग मनात साठलेलं होतं, ते बाहेर आलं. "तुमच्यापासून काय लपवायचं? संपात गेली ती नोकरी. अंधेरीला एका ऑफिसात लिफ्ट चालवतात आता. पण मुलाकडे आम्ही गिरणीत पर्मनंट म्हणून कळवलंय. मुलाचे वडील अजून गिरणीत आहेत ना, मोठ्या हुद्द्यावर! त्यांना लिफ्टमनची पोर कशी चालेल? तीन दिवस झाले, घास गिळवत नाही मला. कुठे बोलू नका हां."

वर पक्कड थांबली होती.

"मीही गिरणीतलाच, वहिनी," तो म्हणाला. "संपात सुटलो आणि हा टेस्टर धरला. घरची मंडळी अजून बाहेर सांगतात, आमचे हे गिरणीतच आहेत म्हणून."

"आणि तुम्ही सांगू देता?"

"काय करू? तुम्हीच सांगा."

 त्या माणसाची तिला एकदम कणव आली. मघाशी चपलांवरून आपण उगाच खेकसलो, असं वाटलं.

"चिकटपट्टी द्या तेवढी," तो म्हणाला. तिने दिली. त्याने जोड गुंडाळला, बेल पुन्हा जागेवर चढवली. "हं, करा मेन चालू."

तिने स्विच वर केला, आणि त्याच क्षणी, घरातल्या कुणी बटणाला हात लावलेला नसताना, घरभर बेल घुमली. टिंगटाँग!

बाहेर कुणीतरी आलं होतं!

"आले वाटतं! अजून पाच पण नाही वाजले! नलू, झालं का गं?" शेवंतीचा आनंद पोटात मावेना. घाई तर अशी की विचारू नका. तिने पदर सावरला, चेहऱ्यावर हसू आणलं आणि झोकात दार उघडलं.

दारात एक हडकुळा तरुण उभा होता. खांद्याला कॅनव्हासची पिशवी, हातात वायरीचं भेंडोळं.

"मी लवू, वायरमन. दुकानातून निरोप मिळाला. सॉरी हां, उशीर झाला. पण बाई, बेल तर वाजतेय की तुमची!"

शेवंतीने त्याच्या हातातल्या भेंडोळ्याकडे पाहिलं. मग सावकाश मागे वळली.

तो माणूस स्टुलावरून उतरून रुमालाने हात पुसत होता.

"विहीणबाई," तो म्हणाला, "त्यालाही आत घ्या. तोंड गोड करूनच जाऊ दे."